बेचाळीस वर्षांचे दत्तोबा

थेरगावच्या समाजमंदिरात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. उशिरा आलेले लोक खिडक्यांना लटकले होते. मंचावर बहात्तर वर्षांचे दत्तोबा खुर्चीत बसून तळहाताएवढ्या यंत्राची बटणं टकाटक दाबत होते. मागच्या पडद्यावर बेरजा आणि गुणाकार भराभर सरकत होते. उत्तर बरोबर दिसलं की उजवं बटण, चूक दिसलं की डावं. शेवटी गाणं वाजलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: मेंदूचं वय बेचाळीस.

टाळ्यांनी पत्रे थरथरले.

"पाहिलंत ना मायमाउल्यांनो?" यंत्र विकणारे ज्योतीराम सर माईकमध्ये मधाळ आवाजात म्हणाले. "पहिल्या दिवशी याच माणसाचा मेंदू एकोणऐंशी वर्षांचा होता. जपानचं तंत्र, ऋषींचा मंत्र आणि हातात मेधातेज यंत्र! विसराळूपणा गेला. गोळ्या गेल्या. पेशी जाग्या झाल्या की आजार राहील कुठे?"

कोणत्या पेशी, आणि त्या झोपल्या कधी होत्या, हे सर सांगत नसत.

"आणि बाबा, हे कुणामुळे झालं?"

"थोरल्या सुनेमुळं," दत्तोबा म्हणाले. "जयमाला. लाखात एक पोर हाय."

तिसऱ्या रांगेत बसलेल्या धाकट्या सुनेच्या, रुपालीच्या, पोटात निखारा पडला.

वर्षभर चाकणच्या कंपनीत शिफ्टची अदलाबदल करून सासऱ्यांना, अण्णांना, पिंपरीच्या हॉस्पिटलात कोण नेत होतं? केसपेपरच्या रांगेत कोण उभं राहत होतं? आणि जयमालाताईंनी एक खेळणं आणून दिलं, तर त्या लाखात एक. ताई दुपारभर अण्णांशेजारी बसून खेळ खेळवत, दोघं खिदळत. रुपाली गोळी घेऊन गेली की अण्णा तिचा हात बाजूला सारत. "बेचाळिशीतल्या माणसाला गोळ्या कशाला गं?" मंगळवारी मेंदूची तपासणी ठरली होती. तिलाही त्यांनी काल नकार दिला होता.

रुपाली भौतिकशास्त्र शिकलेली. कंपनीत मोजमापाची उपकरणं तपासणं हे तिचं काम. काटा हलला म्हणून तिथे कुणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. आधी विचारतात, हे नेमकं काय मोजतंय? घरी तिने तेच विचारलं तेव्हा नवरा सुजित म्हणाला, "तू वहिनीवर जळतेस."

जळत होतीच ती. म्हणूनच तिला स्वतःवरही भरवसा वाटेना. हे खोटं आहे, की खोटं निघावं असं आपल्याला वाटतंय? मग एकदा भाजी निवडताना तिने सहज विचारलं होतं, "अण्णा, सदतीस आणि अठ्ठेचाळीस?" तिचं वाक्य संपण्याआधी "पंच्याऐंशी" आलं होतं. अण्णा जन्मभर बसचे कंडक्टर. आकडेमोड त्यांची कधी बिघडलीच नव्हती. मग यंत्रावर सुधारलं ते काय? त्या रात्री तिने यंत्रातल्या सगळ्या सोयी उघडून पाहिल्या होत्या.

आता ती उठून मंचावर गेली. "सर, एक शंका आहे."

"या ताई. शंका म्हणजे मेंदूला लागलेला गंज." लोक हसले.

"तुमचं वय काय?"

"चौतीस. मेंदूचं पंचवीस."

"मग दाखवा ना खेळून. यात डावखुऱ्यांसाठी बटणं उलटी करायची सोय आहे, तेवढी मी सगळ्यांसमोर लावते. बेरजा त्याच, मेंदूही तोच."

एवढ्या लोकांत नाही म्हणायची सोय नव्हती. सर खेळायला बसले. अंगठा जायचा एकीकडे आणि उत्तर असायचं दुसरीकडे. पडद्यावर लाल फुल्यांची रांग लागली. गाणं वाजलं आणि आकडा आला: त्र्याहत्तर.

मागून कुणीतरी म्हणालं, "दत्तोबा, सरांना हात धरून खाली उतरवा राव."

"हे बरोबर नाही," सर घाम पुसत म्हणाले. "मला उलट्या बटणांची सवय नाही."

"अण्णांना पहिल्या दिवशी सुलट्यांचीही नव्हती," रुपाली म्हणाली. "म्हणून एकोणऐंशी. महिनाभर तेच बटण, तेच गणित, म्हणून बेचाळीस. यंत्राने अंगठ्याची सवय मोजली आणि आपण तिला मेंदूचं वय म्हणालो."

पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर होता: अण्णा, सकाळी काय खाल्लंत? उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक होतं. एका प्रश्नात जयमालाताई चारचौघांत उघड्या पडल्या असत्या. पण अण्णाही पडले असते. ते तिच्याकडे बघत हसत होते, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखे. तिने प्रश्न गिळला.

तेवढ्यात जयमालाच उभी राहिली. "सकाळी अण्णांकडून गॅस परत चालू राहिला होता. मी बंद केला आणि कुणाला बोलले नाही. आकडा खाली येत होता ना. मला वाटलं, बरे होतायत."

रुपाली माईककडे वळली. "खेळायला हरकत नाही. मजा येते, शेजारी माणूस बसतं, तेही चांगलंच. पण खेळून तो खेळच सुधारतो. त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नका, तपासणी टाळू नका. आणि कुणी आकडा दाखवून दिपवलं तर एवढंच विचारा, हे नेमकं काय मोजतंय?"

यंत्रासाठी नावं नोंदवायला लागलेली रांग हळूहळू विरघळली.

मंगळवारी अण्णा तपासणीला आले, कारण जयमालाने सांगितलं. रुपालीने सांगून ते आले नसते. हेही तिला टोचलंच. हॉस्पिटलच्या बाकावर ते दोघींच्या मध्ये बसून बटणं दाबत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, सोबत कोण आलंय?"

"सून," अण्णांनी रुपालीचं मनगट धरलं. "ही जयमाला. लाखात एक."

निखारा पुन्हा पडला. जयमाला घाईघाईने म्हणाली, "अहो अण्णा, ही तर..." रुपालीने मान हलवून तिला थांबवलं.

"डॉक्टर, हे लिहून घ्या," ती म्हणाली. "मी रुपाली. माझं नाव ते अलीकडे चुकीचं घेतात. मी याला त्यांचा माझ्यावरचा राग समजत होते."