बर्फाकडे पाठ

चेक देशातल्या ब्रनो शहराजवळच्या त्या गावाच्या आइस हॉकी संघाचा एकही गोल हिनेकने वीसेक वर्षांत डोळ्यांनी पाहिला नव्हता. हिनेकसारख्या, समर्थकांकडून घोषणा म्हणवून घेणाऱ्याने बर्फाकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहायचं, हीच तिथली रीत. मागे काय चाललंय ते त्याला समोरच्या ढोलवाल्या लुबोशच्या चेहऱ्यावरून कळायचं. त्या चेहऱ्यावर त्याचा बायकोपेक्षा जास्त विश्वास होता.

जुना पत्र्याचा हॉल पाडायच्या आधी लुबोश म्हणाला होता, “तुझ्या घोषणा रेकॉर्ड करून ठेवू या. आठवण राहील.” हिनेक घसा फाटेस्तोवर ओरडला होता.

आज नव्या, काचेच्या अरीनात पहिला सामना. हिनेक कठड्यावर चढला, त्याने छाती भरून श्वास घेतला आणि छतावरच्या स्पीकरमधून त्याचाच आवाज गरजला. सगळा जमाव त्याला साथ देऊ लागला.

समोर लुबोश होता, पण ढोलाच्या जागी बटणांची पेटी होती आणि गळ्यात क्लबच्या नोकरीचं ओळखपत्र.

“चिडू नकोस रे,” लुबोश त्याच्या कानाशी तोंड नेऊन, पेटीकडे बोट दाखवत म्हणाला. “ह्याचा घसा बसत नाही. तू आता बिअर घे, निवांत सामना बघ.”

“वीस वर्षं तुझं थोबाड बघतोय, हरामखोरा! त्यावर हे कधीच कसं दिसलं नाही?”

लुबोशने कानावर हात धरून ‘काय?’ अशी खूण केली. हिनेक पुन्हा ओरडला, मग शिव्या घालत सुटला. त्यातलं एक अक्षर कुणाला ऐकू गेलं नाही. वरून त्याचाच आवाज त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता.