दाराला लावलेला शंख

बाळांनो, एक करा. आपण गुडघाभर पाण्यात उभे आहोत असं समजा. पाणी कोमट आहे, तळ स्वच्छ दिसतोय. पायापासून दोन हातांवर प्रवाळाचं एक झुडूप आहे, जेवणाच्या ताटाएवढं. त्यावर तेवढाच मोठा एक तारामासा पसरलाय. त्याला पंधरा-सोळा हात, अंगभर काटे. जराही हलत नाही.

"झोपलाय?" भिंगरीने विचारलं. ती सात वर्षांची.

"जेवतोय," समुद्र तपासायला आलेल्या बाई म्हणाल्या. लोखंडी आकड्याने त्यांनी तारामासा जरासा उचलला. खाली काहीतरी पातळ, पिवळसर, ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. "हे त्याचं पोट. याला चावता येत नाही ना, म्हणून हा पोटच तोंडातून बाहेर काढतो आणि प्रवाळावर पांघरतो. आतले जीव तिथल्या तिथे विरघळवून शोषून घेतो. हात नको लावूस, काटे विषारी आहेत."

तो उचलला होता तिथे प्रवाळ पांढराफटक पडला होता. आसपासचा सगळा खडक तसाच होता, कुठे पांढरा, कुठे शेवाळाने काळा. रंग उरला होता तो एवढ्याच कोपऱ्यात.

"शी! आजोबा, तुम्हाला माहीत होतं हे?"

आजोबा थोडे मागे उभे होते. लोक त्यांना बुड्या म्हणत. चाळीस वर्षं इथेच बुड्या मारून त्यांनी मोठे शंख काढले, त्यापायी उजवा कान गेला. शंख उकळायचा, वाकड्या तारेने आतली गोगलगाय ओढून काढायची, वाळूने घासायचं, शेवटी तेलाचा हात फिरवायचा. कुठल्या कुठल्या घरांच्या कपाटांत त्यांचे शंख असतील. टोक फुटलेला एक तेवढा कुणी घेतला नाही. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो दाराला लावलेला असे.

"काका, शंख कसे सापडायचे तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

आजोबांचा चेहरा खुलला. फार दिवसांनी कुणी कामाचं विचारत होतं.

"सोपं होतं हो. हे काटेरी बेणं शोधायचं. ह्याच्यावर शंख हमखास बसलेला. खाण्यात गुंगला की जागचा हलत नाही, अलगद हातात येतो. बायको टोमणे मारायची, जेवणाऱ्याला ताटावरून उठवता तुम्ही! मी म्हणायचो, मग आपण काय वारा खायचा?"

"आणि तारामासा?"

"त्याला द्यायचो सोडून. दोन-चार हात गेलेले असायचे बिचाऱ्याचे. म्हणायचो, वाचलास लेका!"

बाईंनी शेजारची बादली जवळ ओढली. मग म्हणाल्या, "गेलेले हात पुन्हा फुटतात त्यांना."

आजोबांचं हसू ओठांवर तसंच राहिलं.

"म्हणजे ह्यांना खाणारा..."

"तो शंखच. आणखी थोडे मासे. हे वासावर चालतात काका. त्या गोगलगायीचा नुसता वास आला तरी पळ काढतात."

"मग हे माझ्यामुळे झालं."

"एकट्या तुमच्यामुळे नाही. नदीचं घाण पाणी आहे, समुद्र तापलाय. जास्त दोष कशाचा, यावर आमच्यातच भांडणं आहेत." बाईंनी तारामासा बादलीत टाकला आणि आकडा आजोबांच्या हातात दिला. "एवढा कोपरा टिकला तर पुढे इथून पुन्हा वाढेल. मी आठवड्याने येते."

"एकट्या माझ्यामुळे नाही," आजोबा म्हणाले. चांगल्या कानाने त्यांनी ते नीट ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी घराचं दार आपटायला लागलं. आजोबांनी खाली बघितलं. शंख जागेवर नव्हता. आकडा आणि बादली घेऊन ते पाण्याकडे गेले.

भिंगरी त्या कोपऱ्याशी उभी होती. नवा तारामासा प्रवाळाकडे सरकत होता आणि त्याच्या वाटेवर तिने शंख आडवा ठेवला होता.

"अगं, रिकामा आहे तो."

"त्याला कुठे माहितीये?"

आजोबा तिच्या शेजारी थांबले. दोघं बघत राहिली. तारामाशाने एक हात शंखावर टेकवला, मग दुसरा. सावकाश तो शंखावर चढला, पलीकडे उतरला आणि प्रवाळावर पसरला.

आजोबांनी वाकून त्याला आकड्याने उचललं, बादलीत टाकलं. सरळ होताना त्यांना खडकाच्या कडेवर आणखी तीन दिसले. ते तिकडे चालू लागले.

भिंगरीने शंख उचलून नाकाला लावला.

"आजोबा, ह्याला तुमच्या तेलाचा वास येतोय!"

आजोबांचा उजवा कान तिच्याकडे होता. ते वळले नाहीत.

ती काठाच्या उथळ पाण्यात फतकल मारून बसली. शंख मांडीवर घेतला, मूठभर वाळू उचलली आणि त्यांनी शिकवलं होतं तसं, टोकाकडून तोंडाकडे, घासायला लागली.