वाचलेले अकरा

“अकरा,” काका म्हणाले. “साहेबांनी अकराच सांगितले होते.”

काका प्रयोगशाळेतल्या माशांच्या टाक्या सांभाळतात. बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी त्यांचा डबा आणि चष्मा न्यायला गेले होते, तर काकांनी मला थेट टाकीपाशीच नेलं.

संगणकावरचं मॉडेल तपासणं हे बाबांचं काम. पाण्यात विष किती, किती वेळ, यावरून किती मासे जगतील ते मॉडेल आकडेमोड करून सांगतं. त्याचं खरं किती मानायचं, हे बाबा जिचा निकाल त्याला ठाऊक नाही अशा नव्या टाकीवर पडताळून बघायचे. ही त्यांची शेवटची टाकी; मॉडेलचा आकडा त्यांनी आधीच काकांना सांगून ठेवला होता.

“मॉडेल म्हणजे नवा जावई, म्हणायचे साहेब,” काका हसले. “गोड बोलतो म्हणून लगेच तिजोरीच्या किल्ल्या द्यायच्या नाहीत.”

मलाही हसू आलं. “मग आता हे अकरा तळ्यात सोडायचे ना?”

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तळ्यात कुठलं, पोरी? अंगात विष भिनलेले मासे हे. बाहेर सोडता येत नाहीत. औषध घालून निजवायचे. कायमचे.”

“पण बाबा तर सोडायचे.”

लहानपणी जेवताना आम्ही भावंडं विचारायचो, आज किती वाचले? बाबा आकडा सांगायचे, आणि वाचलेले तळ्यात सुळकन कसे पळाले तेही. त्यातल्या एकाला म्हणे मागे वळून बघायची खोड होती.

“असं सांगायचे होय घरी,” काका हळूच म्हणाले.

“मग ते औषध कोण घालायचं? तुम्ही?”

“छे. साहेबच. मला चहा प्यायला पिटाळायचे. म्हणायचे, जगतील असं मी सांगितलं ना, मग हेही मीच केलं पाहिजे.”

मी टाकीची कड धरली. अशा दिवशी संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन ते आमच्यात जेवायला बसत आणि तळ्याची गोष्ट सांगत. इतकी वर्षं. आवाज एकदाही कापला नव्हता.

काकांनी कपाटातून बाटली काढली. “तू बाहेर थांब. मी उरकतो.”

“नको,” मी म्हणाले. “झाकण मी काढते.”

प्रयोग चालू असताना माशांना खायला घालत नाहीत. मी झाकण उचललं तसे अकराच्या अकरा मासे वर आले, आणि माझ्या हाताखाली तोंडं उघडून थांबले.