चेकरची छाट

बायका मला शिव्या द्यायच्या. तोंडावर नाही, कारखान्याचं दार ओलांडलं की. मला त्या ऐकू यायच्या, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानच वाटायचा. चेकरला कुणी दुवा देत असेल तर समजावं की तो काम नीट करत नाही.

मी, शेख नूरमहंमद, नगरातल्या एका विडी कारखान्यात सोळा वर्षं चेकर होतो. निम्म्या बायका शेडमध्ये बसून विड्या वळायच्या, निम्म्या पान आणि तंबाखू घरी न्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी वळलेल्या विड्या सुपात घालून आणायच्या. विड्यांची जुडी माझ्या हातात यायची. सैल वळलेली, पान फाटलेली, तोंड नीट न मोडलेली विडी मी तिथंच तिच्यासमोर मोडून फेकायचो. याला छाट म्हणायचं. छाटीची मजुरी नाही. कुणी गयावया केली की मी आणखी दोन मोडायचो. माझा स्वभावच तसा होता.

विडी पाहून ती कुणी वळली हे मला कळायचं. कुणाची दोऱ्याची गाठ जाड, कुणी पान जास्त भिजवणारी, कुणी तंबाखू चोरून भरणारी. चेहरे माझ्या लक्षात राहत नसत, हात राहायचे.

माझी बायको शहजादी लग्नानंतर म्हणाली होती की आपल्या झेंडीगेट मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका वळतात, मीही वळते. मी साफ नाही म्हणून सांगितलं. चेकरच्या बायकोची विडी पास झाली तरी लोक बोलणार आणि छाटली तर घरात चूल पेटणार नाही. तिनं पुन्हा विषय काढला नाही. मीच संध्याकाळी जेवताना कारखान्याच्या गोष्टी सांगायचो. आमच्या शेजारच्या गोजरबाईच्या सुपात दोन हातांच्या विड्या असायच्या. एक तिचा स्वतःचा, ठीकठाक. दुसरा डावखुरा हात, दोरा उलट्या बाजूनं फिरवणारा, आणि त्या विडीत खोट म्हणून सापडायची नाही. मी एकदा विचारलं तेव्हा गोजरबाई म्हणाली, "पोरीचा हाय." तिची एकच पोर मला माहीत होती, चांगुणा. "त्या चांगुणाचा हात म्हणजे हात आहे," मी घरी सांगायचो. शहजादी पदरात तोंड घालून हसायची. मला वाटायचं, बाईला बाईचं कौतुक सोसत नाही.

एकाहत्तर साली छबूबाईचं प्रकरण झालं.

आमच्या शेठचा नियम होता, एका घराला एकच कार्ड. घरात सासू, सून, नणंद अशा चौघी वळोत, कागदावर बाई एकच. विडी कामगारांचा कायदा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जिच्या नावाचं कार्ड, तिला सुट्टी, बाळंतपणाची पगारी रजा, आणि कामावरून काढायचं तर आधी नोटीस. जिला कार्ड नाही ती कारखान्याच्या लेखी जन्मालाच आलेली नाही. शेठला ते फार सोयीचं होतं.

छबूबाई खर्ड्याहून लग्न होऊन नगरला आलेली. कार्ड तिच्या सासूचं, साळूबाईचं. पण साळूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, आणि दोन वर्षं सगळ्या विड्या छबूबाईच वळत होती. पहिल्या खेपेला ती आठव्या महिन्यापर्यंत मांडी घालून, वाकून वळत राहिली आणि तिचं मूल पोटातच गेलं. आता दुसऱ्या खेपेला सातवा लागला होता. ती मॅनेजर आबासाहेबांकडे रजा मागायला गेली. आबासाहेब म्हणाले, "रजा? तू कोण? तू आमच्याकडं कामालाच नाहीस."

हे गोजरबाईच्या कानावर गेलं. गोजरबाई म्हणजे तोंडाचा पट्टा, कारखान्यातल्या युनियनची पुढारी. दुसऱ्या दिवशी बायका आल्या, पण कुणी पान उचललं नाही. फाटकासमोर, वळून आणलेल्या विड्यांवर सुपं पालथी घातली आणि त्यांच्यामागं बसून राहिल्या. ज्या बाईनं विडी वळली तिच्या नावाचं कार्ड, एवढंच मागणं. शेठला वाटलं, दोन दिवसांत पोटं जळतील आणि येतील. बायका एकोणीस दिवस बसल्या. काहींना नवऱ्यांनी मारलं, तरी सकाळी सुजलेल्या तोंडानं येऊन बसल्या. मी रोज त्यांच्यामधून आत जायचो. आत छाटायला एक विडी नव्हती, तरी जायचो.

शेवटी सरकारी कामगार अधिकारी चौकशीला आले. त्या सकाळी आबासाहेबांनी मला बाजूला घेतलं. "साहेब विचारतील, कुणी वळली ओळखू येतं का? तू म्हणायचं, विडी ती विडी. कळलं?" मी हो म्हटलं. घरात शहजादी आणि मुलगी मेहताब, माझ्या एकट्याच्या पगारावर. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

चौकशी पानांच्या गोदामात बसली. साहेब टेबलाशी, आबासाहेब खुर्चीत, बायका भिंतीला टेकून. माझं भाकरीचं फडकं मी टेबलाच्या कडेला ठेवलेलं. साळूबाई चाचपडत पुढं आली.

"सायेब, भाकरीवरचा करपा दिसत न्हाई मला, दोरा कुठनं दिसायचा? समदं सून वळती. हात तिचा, नाव माझं."

"सुनेसाठी बोलतेय म्हातारी," आबासाहेब म्हणाले. "विडीवर काय वळणारीचं नाव असतं?"

"नूरभाईला इचारा," गोजरबाई म्हणाली. "त्येला कळतंय."

साहेब कमी बोलणारे होते. ते उठले, फाटकापाशी गेले. संपाच्या आदल्या दिवशीच्या, बायकांनी जमा न केलेल्या विड्या सुपांखाली तशाच होत्या. त्यांनी सुपांखालच्या सहा जुड्या घेतल्या, कुठली कुणाच्या सुपातली ते चिठ्ठीवर टिपलं आणि टेबलावर ओळीनं मांडल्या.

"ही कुणी वळली?"

माझं उत्तर तयार होतं. नुसतं बोलायचं होतं. पण जुडी हातात आली आणि अंगठा सवयीनं विडीच्या तोंडाशी गेला. तोंड उघडलं, तंबाखू टेबलावर सांडली. माझं डोकंच फिरलं.

"छबूबाई! किती वेळा सांगितलं, तोंड नीट मोडत जा म्हणून! हात आहे का काय आहे?"

भिंतीपाशी पोटावर हात ठेवून उभी असलेली छबूबाई रोजच्याप्रमाणे म्हणाली, "मोडते की, नूरभाई."

साहेबांनी चिठ्ठी पाहिली. साळूबाईच्या सुपातलीच जुडी होती ती. बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि आबासाहेबांचा चेहरा पाहून मला कळलं की मी काय करून बसलो.

पुढं लोकांनी याचं मोठं करून सांगितलं. नूरभाईला न्यायाचा पुळका आला वगैरे. तसलं काही नाही. मला सैल विडीचा राग आला, एवढंच.

"योगायोग असेल," आबासाहेब म्हणाले.

साहेबांनी दुसरी जुडी पुढं केली. आता मी गप्प बसायला हवं होतं. पण योगायोग म्हटल्यावर मला झोंबलं. सोळा वर्षं काय मी गवत उपटत होतो? दुसरी रंगुबाईची. तिसरी बनुबाईची, चौथी तिच्या जावेची, दोघींचं सूप एकच असलं तरी. पाचवीही बरोबर. सहावी गोजरबाईच्या सुपातली होती. मी ती उलटसुलट केली आणि ऐटीत म्हटलं, "सूप गोजरबाईचं. पण हात तिच्या पोरीचा, चांगुणाचा. डावखुरी आहे. कारखान्यातला सगळ्यात चांगला हात."

आबासाहेब खुर्चीतून उठलेच. "चांगुणा? तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली! शेवगावला दिली तिला. मी स्वतः जेवून आलोय लग्नात. घ्या साहेब, हा तुमचा ओळखणारा. उगाच अंदाजानं ठोकतोय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चेकर, हे चुकलं असेल तर बाकीचंही मला धरता येणार नाही."

शेजारच्या त्या मांडवात मीही जेवलो होतो, पण हात सुपात येतच राहिला, म्हणून पोर सासरी गेली हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मी गोजरबाईकडं पाहिलं. जन्मात कधी गप्प न बसलेली बाई खाली मान घालून उभी होती. छबूबाई माझ्याकडं पाहत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. आता उठून गेलो तर ही पुन्हा मांडी घालून वळायला बसणार, हे मला दिसत होतं.

मी ती विडी पुन्हा पाहिली. दोरा उलट्या बाजूनं, शेवटी दोन वेढे आणि गाठ आत दाबलेली. मग नजर टेबलाच्या कडेला गेली. माझ्या भाकरीचं फडकं. तीच गाठ. उलट्या बाजूनं, टोक आत दाबलेलं. मेहताबच्या वेणीची रिबीनही रोज सकाळी तशीच बांधलेली असायची. माझी बायको डावखुरी आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण घर घरी ठेवून मी कारखान्यात जात होतो. तंबाखूच्या वासाचं म्हणाल तर मीच संध्याकाळी तंबाखूनं माखून घरी जायचो. मला घरात वेगळा वास कुठून येणार?

मला लाज वाटली. रागही आला, आधी तिचा आणि लगेच माझा. माझ्या हातात सगळ्या बायकांचे हात होते आणि घरातलाच सापडला नव्हता.

"साहेब, चुकलं," मी म्हणालो. "हात तोच आहे, नाव चुकलं. ही माझ्या घरातली आहे."

"म्हणजे कोण?"

"मेहताबची आई."

"हे नाव नाही," साहेब म्हणाले. "मला नाव लिहायचंय."

चौदा वर्षांच्या संसारात मी चार माणसांत तिचं नाव घेतलं नव्हतं. आमच्याकडं घेत नाहीत. बायका कान टवकारून उभ्या होत्या.

"शहजादी," मी म्हणालो. "शहजादी नूरमहंमद शेख. आणि ही विडी तिची आहे, हे मी लिहून देतो."

"तिनं शपथ घातली हुती मला," गोजरबाई पुटपुटली. "न्हाईतर म्या कवाच बोलले असते."

साहेबांनी लिहून घेतलं. मी सही केली. आबासाहेबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी घरी पोचायच्या आधीच गोजरबाई तिथं जाऊन आली होती. शहजादी चुलीपाशी बसलेली. आम्ही घरात दखनी बोलतो, इथं मराठीत सांगतो. मी ओरडायचं ठरवून आलो होतो, पण तिनंच आधी विचारलं, "काय म्हणालात तिथं?"

"तुझी विडी आहे म्हणालो."

"तसं नाही. कसं म्हणालात ते सांगा."

मला पुन्हा तिचं नाव घ्यावं लागलं. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि भाकरी थापायला लागली. तव्यावरची करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

महिन्याभरात कार्डं आली. कुठल्या घरात दोन, कुठं तीन. छबूबाईला रजा मिळाली, आणि शेवटचा महिना ती पाय पसरून बसली. तिला मुलगी झाली. आबासाहेबांनी मला कामावरून काढलं नाही, कारण बायका पुन्हा सुपं पालथी घालायला टपून होत्या. पण चेकरच्या ओट्यावरून उचललं आणि पानांच्या गोदामात टाकलं. माझ्या जागी एक नवा माणूस आला, तरणा आणि ताठ.

शहजादीचं कार्ड आबासाहेबांनी सगळ्यांत शेवटी दिलं. ती पहिल्यांदा स्वतःचं सूप घेऊन कारखान्यात आली त्या दिवशी मी मुद्दाम गोदामाच्या दारात उभा राहिलो. तिच्या पुढं छबूबाई, पोर काखेत घेतलेली. छबूबाईची जुडी कशीबशी पास झाली. मग शहजादीची. नव्या चेकरनं विडी उचलली, दोरा उलटा पाहिला आणि म्हणाला, "ही कसली रीत?" त्यानं एक मोडली. मग दुसरी. तिसरी. शहजादी नुसती बघत राहिली.

"अरे, हात बघ तिचा!" मी दारातून ओरडलो. "कारखान्यात तसा हात नाही! डोळे फुटले का तुझे?"

मी धावत ओट्यापाशी गेलो आणि खाली वाकून मोडलेल्या विड्या वेचायला लागलो. का वेचत होतो मलाच ठाऊक नाही, मोडलेली विडी जोडता येत नाही. वर पाहिलं तर सगळी रांग माझ्याकडं बघत होती. कुणी हसत नव्हतं.

छबूबाईनं पोर या काखेतून त्या काखेत घेतली. "नूरभाई," ती म्हणाली, "माझ्या इड्या मोडायचा ना, तवा म्या बी अशीच वरडायची. पन घरी जाऊन, भिंतीपाशी."

मी मुठीतली तंबाखू तशीच धरून उभा राहिलो. शहजादीनं सूप उचललं आणि पालथं करून ओट्यासमोर ठेवलं. मागं छबूबाईनं ठेवलं, मग गोजरबाईनं. मी गोदामाची किल्ली ओट्यावर टाकली आणि त्यांच्या रांगेत जाऊन बसलो.