तासाभराचा फरक
आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पदवीला मी प्रवेश घेतला तो व्यापारासाठी नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही. मला जायचं होतं. कुठेही, पण जायचं होतं. तीन वर्षांत मी चाळीस बंदरं तोंडपाठ केली. कुठे माल किती दिवस अडकतो, कुठला कागद कमी पडला की पेटी परत येते, हे मला झोपेतून उठवून विचारा. स्वतः मात्र मावशीच्या गावापलीकडे कधी गेले नव्हते.

शेवटच्या सत्रासाठी परदेशातल्या एका कॉलेजात एकच जागा होती. मुलाखतीला दोघं उरलो, मी आणि एक्स्प्रेस. हे नाव आम्हीच ठेवलेलं, कारण स्वारी कुठेही तासभर आधी हजर. परीक्षेलाही शिपायाच्या आधी दारात उभा. अभ्यासात माझ्या मागे होता, पण फार मागे नाही, हे नाइलाजाने सांगते.

मुलाखत कॉम्प्युटरवर होती, दोघांची एकत्रच, त्यांच्या घड्याळाने सकाळी दहाला.

"म्हणजे आपल्याकडे किती वाजता गं?" त्याने विचारलं.

"साडेतीन. साडेपाच तासांचा फरक. तिसऱ्या वर्षाला आलास, एवढंही येत नाही?" मी वर त्यालाच सुनावलं.

त्या दिवशी आईने मला कशालाच हात लावू दिला नाही. टेबल हलवलं, मागच्या भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, माझा कुर्ता दोनदा इस्त्री केला. मध्येच वाजायला नको म्हणून फोनचा आवाज बंद करून तो कपाटात चादरींखाली ठेवला. "तू गेलीस की ही खोली मी शिवणाला घेणार," असं म्हणाली आणि उगाच बराच वेळ तोंड धूत राहिली.

साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना मी कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर एकच ओळ होती. बैठक संपली आहे.

कपाटातून फोन काढला. अकरा मिस्ड कॉल, सगळे एक्स्प्रेसचे. मी त्याला फोन लावला.

"अगं, होतीस कुठे?" तो रडवेला झाला होता. "मी आपला सवयीने अडीचलाच येऊन बसलो, तर समोर मुलाखत घेणारे तिघं हजर! तिकडे उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात म्हणे, ती परवाच्या रविवारीच केली."

मला ते माहीत होतं. दुसऱ्या वर्षी त्याच धड्यावर वर्गात सगळ्यात जास्त गुण मला होते. मी कॉलेजला पत्र लिहिलं, क्षमा मागितली. फार सभ्य उत्तर आलं. जागा एक्स्प्रेसला दिली होती.

"मी नाही म्हणून कळवतो त्यांना," एक्स्प्रेस म्हणाला.

कळव, असं ओठांवर आलं होतं. इतकं आलं होतं की माझीच मला लाज वाटली. "वेड्यासारखं करू नकोस," मी म्हणाले, आणि त्याचे व्हिसाचे कागद मीच भरून दिले. त्याच्यावर सोडलं असतं तर त्याने वडिलांच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं असतं.

तो गेला. पंधरा दिवसांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला. तो पायीच कॉलेजला निघाला होता आणि कसल्या तरी प्रकल्पाबद्दल विचारत होता.

"ते राहू दे," मी म्हणाले. "फोन उलटा धर. तुझं तोंड नको, रस्ता दाखव."

त्याने फोन फिरवला. एक बाई सायकलला कुलूप लावत होती. दोन माणसं मोठी काच धरून जपून रस्ता ओलांडत होती. एका दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं होतं आणि दुकानदार त्याला लाथा घालत होता. विशेष काहीच नव्हतं.

"मला तिथे असायचं होतं रे."

तो फोन तसाच समोर धरून चालत राहिला. मग रस्ता हलायचा थांबला.

"कॉलेज आलं गं. आत जावं लागेल. ठेवू?"

समोर रस्ता पुढे जाऊन उजवीकडे वळत होता. वळणापलीकडचं दिसत नव्हतं.

"जरा पुढे चल ना," मी म्हणाले. "त्या वळणापर्यंतच."