हा सोडून काहीही

लग्न झाल्यापासून नवरा दर वाढदिवसाला तोच गुलाबाचा सेंट आणतो आणि माझं डोकं उठतं. यंदा ती बाटली पर्समध्ये टाकून मी सरळ तो ती घेतो त्याच दुकानात गेले.

"हा सोडून काहीही दाखव," बाटली पुढे करत काउंटरवरच्या मुलीला मी ठणकावलं.

कागदाच्या पट्ट्या हुंगून हुंगून नाक बधिर झालं. शेवटी एक सेंट मनगटावर लावला, जरा थांबले आणि जीव सुखावला. हाच माझा!

मुलगी बोलघेवडी होती. "मॅडम, तो गुलाबाचा आता एकच साहेब नेतात. सोबत तुमच्या आवडीचा हाही नेतात, अगदी पारखून. गुलाबाचा मात्र हुंगतही नाहीत. म्हणतात, घरी काहीही चालतं."

मी रुमालाने मनगट खसाखसा पुसलं. मेला वास जाईना, आणि आवडायचाही थांबेना.