आप्पांना घेऊन या

कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या एका बोळात महांतेशचं मिरची कांडपाचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. लोखंडी कांडप दिवसभर धपधप करतं, बाहेर बायका डोळे पुसत उभ्या असतात, आणि चटणी हातात पडली की मोबाईल काढून काउंटरवरचा स्टिकर स्कॅन करतात. मग जो तो एकच प्रश्न विचारायचा. तुम्ही-आम्हीही विचारतोच की, पैसे भलत्याच्या खात्यात जायला नकोत म्हणून.

"पंचाक्षरी नाव येतंय. हायत न्हवं?"

"हायत, हायत. मारा," महांतेश म्हणायचा.

पंचाक्षरी म्हणजे त्याचे वडील, आप्पा. तीन वर्षांपूर्वी ते लिंगैक्य झाले. लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना रुद्रभूमीत बसवून माती दिली. पण महांतेशनं बँकेला काही कळवलं नाही. आप्पांचं खातं, आप्पांचं पॅन, आप्पांच्या नावाचा स्टिकर, सगळं जिथल्या तिथं राहिलं. आप्पांचं सिमकार्ड तेवढं त्यानं आपल्या फोनात घातलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, आप्पांच्या नावानं बरकत येते. जवळच्या दोस्तांना मात्र डोळा मारून खरं कारण सांगायचा, की मेलेल्या माणसाला कुठला आलाय टॅक्स! दोस्त हसायचे. खोटं कशाला बोला, आपणही हसलो असतो.

दुकानात गल्ल्यामागं आप्पांची खुर्ची होती. महांतेश तिच्यावर बसत नसे, शेजारी स्टूल घेऊन बसे. मागच्या खोलीत त्याची आई गौराबाई, म्हणजे आव्वा, भाजी निवडत असायची, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला दिलेलं उत्तर तिच्या कानावर पडायचं. हायत. हायत. हायत.

एका दुपारी तिनं चहाचा जादा कप आणला आणि खुर्चीजवळ ठेवला. महांतेशला वाटलं, म्हातारपण आहे, विसरली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा कप आला. पुढं तो रोजच येऊ लागला. आव्वाला दुखवायला नको म्हणून त्यानं कप तसाच राहू दिला. पण थोड्या वेळानं बघावं तर कप रिकामा असायचा. मांजर पीत असेल, असं तो स्वतःला सांगायचा. बोळात मांजर नव्हतं.

मग हातकणंगल्याचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. आप्पा गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. पैसे पाठवून जाता जाता तो म्हणाला की गेल्या बाजाराला बोळातनं जाताना आप्पांना खुर्चीत बसलेलं बघितलं, बारीक झालेत जरा, जपा त्यांना. महांतेशनं शेजारी बघितलं, खुर्ची रिकामी होती. आप्पा गेलेत हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण स्टिकर समोरच होता. तो नुसतीच मान हलवून बसला.

त्यातच कांडपानं जीव सोडायला घेतला. उन्हाळ्यात अख्खं कोल्हापूर वर्षाची चटणी करून ठेवतं. त्या मोसमात मशीन बंद पडलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाणार आणि दुकान मिटणार, हे उघड होतं. नवं मशीन कर्जाशिवाय येत नव्हतं. महांतेश बँकेत गेला.

तिथल्या साहेबांनी त्याचा पॅन नंबर टाकला, पडद्याकडं बघितलं, पुन्हा टाकला. तुमच्या नावावर काहीच नाही, ते म्हणाले. उत्पन्न नाही, प्राप्तिकराचं विवरणपत्र नाही, धंद्याचं खातं नाही. मग दुकानाच्या खात्याचा नंबर बघून त्यांचा चेहरा खुलला.

"वडिलांचा व्यवहार चांगला आहे. रोज जमा आहे. त्यांना कर्ज देता येईल की. आप्पांना घेऊन या."

महांतेश कसा घरी आला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आव्वानं विचारलं, काय म्हणाली बँक? तो म्हणाला, आप्पांना घेऊन या म्हणाली.

आव्वाला जराही नवल वाटलं नाही. तिनं खुर्चीकडं बघितलं.

"मग ने की. बसल्यात न्हवं."

त्या संध्याकाळी महांतेशला दुकानात थांबवेना. तो थेट राजारामपुरीत ऋता मॅडमकडं गेला. त्या कर सल्लागार. आप्पा होते तेव्हा त्यांचे कागद त्याच बघायच्या. महांतेशनं चहाच्या कपासकट सगळं सांगितलं. कपाबद्दल ऐकून त्या हसल्या नाहीत.

"विवरणपत्र भरणं म्हणजे नुसते पैसे देणं नव्हे, महांतेश," त्या म्हणाल्या. "मी आहे, मी हा धंदा करतो, मी एवढं कमावतो, असं आपण होऊन सांगणं. ते तुम्ही कधी सांगितलंच नाही. रोज आप्पा आहेत म्हणत राहिलात. आता कागदावर ते जिवंत आहेत आणि तुम्ही नाही."

महांतेश पुटपुटला, "एवढ्या गल्ल्यावर टॅक्स भरला तर दुकान इकावं लागंल की."

मग मॅडमनी त्याला सावकाश समजावलं. कर गल्ल्यावर नसतो, नफ्यावर असतो. वीजबिल, भाडं असेल तर ते, मशीनची दुरुस्ती हा धंद्याचा खर्च, त्याच्या पावत्या जपायच्या. छोट्या धंद्याला जमेतला ठरावीक हिस्सा नफा म्हणून दाखवायचीही सोय आहे. कर शून्य निघाला तरी विवरणपत्र भरावं, तीच आपली ओळख. दुकानाचं खातं वेगळं आणि स्वतःच्या नावावर हवं, घरखर्च त्यात मिसळायचा नाही. दर महिन्याला थोडी रक्कम करासाठी बाजूला ठेवली की भरताना जड जात नाही. आणि मागचं? मागचं निस्तरावं लागेल. बँकेला मृत्यूचा दाखला, आप्पांचं शेवटचं विवरणपत्र वारस म्हणून, आणि मधल्या वर्षांची कमाई स्वतःच्या नावावर दाखवून जो दंड पडेल तो.

दंडाचं त्याला फारसं वाटलं नाही. खातं बंद करायचं म्हणजे आप्पांना आपल्या हातानं दुसऱ्यांदा माती द्यायची, याचंच त्याला वाईट वाटलं. घरी येऊन त्यानं आव्वाला सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसला. आव्वानं निवडायची भाजी बाजूला सारली.

"कर बाबा बंद," ती म्हणाली. "तीन वर्सं बसल्यात बिचारे, तुजा हिशेब देत. मानसानं किती बसायचं?"

कागद व्हायला दिवस लागले, दंडही भरावा लागला. जुनं कांडप दुरुस्त करत करत त्यानं तो मोसम कसाबसा रेटला. बँकेनं त्याचा अर्ज घेतला, तो त्याच्या नावानं. आणि एका सकाळी काउंटरवर नवा स्टिकर लागला. पहिलीच बाई मोबाईल पुढं धरून म्हणाली, "महांतेश येतंय. हाय न्हवं?"

महांतेशनं स्टूल बाजूला सारलं. आप्पांच्या खुर्चीत बसत तो म्हणाला, "हाय की! मीच हाय."

त्या दुपारीही आव्वानं सवयीनं कप आणून ठेवला. संध्याकाळी महांतेशनं बघितलं. चहा तसाच होता, वर साय धरलेली.

मंडळी, कर भरणं ही सरकारवर मेहरबानी नाही. आपल्या घामाला आपलं नाव देणं आहे ते. ज्यानं आयुष्यभर कष्ट केले, त्याला गेल्यावर तरी आपल्या चोरीसाठी राबवू नका. आणि आज दुकान उघडलंत की एक करा. स्वतःच्या मोबाईलवर स्वतःचाच स्टिकर स्कॅन करा आणि नाव कुणाचं येतंय ते बघा.